दाबला की सोडला

“अहो, मी ब्रेक दाबला होता! देवाशप्पथ दाबला होता!”

सांडूअण्णा फरकाडे आमच्या सर्व्हिस रिसेप्शनच्या काउंटरवर हात आपटून सांगत होते. बाहेर त्यांची नवी गाडी उभी होती. मागचा बंपर लोंबत होता, डिकीचं दार आत दबलेलं होतं. काचेवर शोरूमने लावलेला ‘हार्दिक अभिनंदन’चा स्टिकर अजून तसाच होता.

अण्णांचं सिल्लोडला मका आणि सरकी पेंडीचं दुकान. घर तिथून जवळच्या गावात, जरा उंचवट्यावर. घरासमोर नुकताच सिमेंटचा चढ केलेला. अण्णांनी संध्याकाळी गाडी चढावरून वर घेतली, पोर्चमध्ये पूर्ण आत न नेता तोंडाशीच, सपाट वाटणाऱ्या जागी लावली, मागच्या सीटवरचं पेंडीचं पोतं उतरवलं आणि दार आपटून आत गेले. त्या धक्क्याने गाडी मागे सरकायला लागली. आधी हळू, मग जोरात. चढाच्या तळाशी जनावरांचा हौद आहे. तिथे त्यांच्या पत्नी कमलकाकू पाणी भरत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि बाजूला उडी मारली. गाडी हौदावर आदळून थांबली. काकूंची एक चप्पल मागच्या चाकाखाली सापडली.

ती चप्पल अण्णांनी पिशवीत घालून आणली होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली.

“ही बघा. ह्याच्यात पाय असता तर?”

मी दुरुस्तीचं जॉब कार्ड पुढे ओढलं.

मी या वर्कशॉपचा सर्व्हिस मॅनेजर. वैजापूर तालुक्यातल्या मेंढरं राखणाऱ्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. आमच्या घरात चाक असलेली पहिली वस्तू म्हणजे मला शाळेसाठी घेतलेली जुनी सायकल. त्यामुळे कोणी आयुष्याची कमाई घालून गाडी घेतो आणि ती आठवड्याभरात अशी परत येते, तेव्हा मला ते नुसतं जॉब कार्ड वाटत नाही. पण तरीही सांगतो, पुढच्या काही दिवसांत माझी सहनशक्ती पार संपली.

आमचे जीएम बोरा सर खाली आले. त्यांनी अण्णांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारलं, “अण्णा, पार्किंग ब्रेक दाबला होता ना नक्की?”

“दाबला होता!”

“थोरात, लिहून घ्या. पार्किंग ब्रेक दाबलेला होता.”

मी लिहून घेतलं. त्या दिवशी हा प्रश्न अण्णांना सगळ्यांनी विचारला. सरांनी, मी, इन्शुरन्सच्या माणसाने. प्रत्येकाने ‘दाबला का’ असंच विचारलं आणि अण्णांनी प्रत्येकाला ‘दाबला’ असंच सांगितलं.

“मला गाडी बदलून पायजे,” अण्णा म्हणाले. “आन् ज्या पोरीनं मला हे बटण शिकवलं ना, तिला आधी काढा. तिनंच सांगितलं, अण्णा, हे दाबा. दोन्ही झालं नाय तर दसऱ्याच्या दिवशी गाडीला गाढवं जुंपतो आन् तुमच्या शोरूमसमोर आणून उभी करतो. वाजंत्री लावून.”

अण्णा हे करणारा माणूस होता. बोरा सरांनाही ते कळलं. दसरा म्हणजे आमच्याकडे गाड्या घेऊन जाणाऱ्यांची रांग. त्या रांगेसमोर गाढवं.

ती पोरगी म्हणजे अश्विनी, आमची डिलिव्हरी एक्झिक्युटिव्ह. गाडी ताब्यात देताना काय कुठे आहे, कसं वापरायचं, हे सांगणं तिचं काम. बजाजनगरची. वडील वाळूजला कामाला होते, त्यांची कंपनी बंद पडली. घरात आता तिचाच पगार.

अण्णा गेल्यावर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“देखो थोरात, गाडीत डिफेक्ट निघाला तर मी कंपनीशी भांडतो. नाही निघाला, तर पोरगी. गाडी बदलणं आपल्याला परवडत नाही.”

“आणि पोरगी बदलणं परवडतं, सर?”

“मला तोंड वर करून बोलू नका. शनिवारपर्यंत सांगा.”

आता थोडं ब्रेकबद्दल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडीत दोन वेगळे ब्रेक असतात. पायाचा ब्रेक दाबला की नळ्यांमधलं तेल दाब पुढे नेतं आणि चारही चाकं आवळली जातात. पाय काढला की सुटतात. म्हणजे तो धावती गाडी थांबवण्यासाठी आहे. थांबलेली गाडी थांबलेलीच ठेवण्यासाठी दुसरा ब्रेक असतो, तो पार्किंग ब्रेक. आपण त्याला हँडब्रेक म्हणतो. त्यात तेलाचा संबंध नसतो. जुन्या गाड्यांत दोन सीटच्या मध्ये दांडा असतो. तो वर ओढला की कटकट आवाज होतो. तो आवाज दातेरी खाचांचा. दांडा ज्या खाचेत अडकला तिथे राहतो आणि लोखंडी दोरी मागच्या चाकांचे ब्रेक ताणून धरते.

नव्या गाड्यांत दांडा गेला. त्या जागी बोटाएवढं बटण आलं. मागच्या चाकांपाशी छोट्या मोटारी असतात. त्या स्क्रूसारख्या फिरून ब्रेक आवळतात. एकदा आवळला की बॅटरी काढून टाकली तरी तो सुटत नाही. सोडण्यासाठी गाडीची चावी चालू असावी लागते आणि पाय ब्रेकवर असावा लागतो.

हे सगळं मोईनभाईंना पाठ आहे. आमचे सर्वात जुने टेक्निशियन. त्यांनी गाडी कॉम्प्युटरला लावली. एकही फॉल्ट नाही. मागची चाकं खोलली. नवीकोरी. गाडी आमच्या रॅम्पवर तिरकी उभी केली, ब्रेक लावला, आम्ही चौघांनी मिळून ढकलली. हलली नाही.

“साब, इसको कुछ नै हुआ. ये तो हाथी को भी रोक लेगी.”

“मग तिथे का नाही थांबली?”

“वो अण्णा को पूछो.”

“अण्णा म्हणतात दाबला होता.”

“दबाये तो रुकनाच मंगता था,” मोईनभाई म्हणाले आणि हात पुसत निघून गेले.

मी गाडी पुन्हा तपासायला लावली. पुन्हा काही नाही. मोईनभाई माझ्यावर वैतागले, मी त्यांच्यावर. कंपनीच्या टेक्निकल हेल्पलाइनने मला वायरिंग बघा म्हणून सांगितलं. वायरिंग बघितलं. मग सॉफ्टवेअर बघा म्हणाले. बघितलं. मग त्यांनी मलाच विचारलं, “सर, कस्टमरने ब्रेक प्रेस केला होता का?” मी फोन ठेवला.

अश्विनीला बोलावलं. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता.

“सर, मी सगळं सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“हे पार्किंग ब्रेकचं बटण. लावायला वर उचला. सोडायला ब्रेकवर पाय ठेवून दाबा. पण सर, तेव्हा त्यांचे मेहुणे नारळ कुठे फोडायचा म्हणून भांडत होते. दोन जण चाकाखाली लिंबं ठेवत होते. अण्णा पेढे वाटत होते. मी बटणाचं सांगत होते तर त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.”

“मग?”

“मग मी पेढा खाल्ला, सर. काय करणार?”

“आणि ते म्हणतात तू ‘दाबा’ म्हणालीस.”

“म्हणालेच की. सोडायला.”

मी हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात तरीही काही पेटलं नाही. मी तिला म्हटलं, “बरं, जा,” आणि पुन्हा वायरिंगचा नकाशा उघडून बसलो. माणूस ज्या शब्दाने रोज बोलतो तो शब्द त्याला दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी मी अगदी टेकीला आलो होतो. तेव्हा शाळेतले विज्ञानाचे सर आठवले. आमच्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, एक कपाट होतं. सर ते उघडायचे आणि कोणी ‘समजलं’ म्हणालं की त्याच्यासमोर सामान ठेवायचे. “समजलं ना? मग करून दाखव.” निम्म्या वेळा हात अडायचा. मी आज जो काही आहे त्यात त्या कपाटाचा मोठा वाटा आहे. आणि मी इतके दिवस अण्णांना ‘सांगा’ म्हणत होतो. ‘करून दाखवा’ एकदाही म्हटलं नव्हतं.

मी अण्णांना फोन केला. “उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. तुम्ही त्या दिवशी लावली तशीच लावून दाखवा.”

“गाडी आणू नका इकडं! बायको दारात उभी करू देणार नाय.”

“काकूंना सांगा, दगड लावून मगच करू.”

शनिवारी सकाळी निघालो. जळगाव रोडचं काम म्हणजे न संपणारी गोष्ट. फुलंब्रीच्या पुढे वळणावर अडकलो. मागून डिकीचं दार प्रत्येक खड्ड्याला खडखडत होतं. मध्येच बोरा सरांचा फोन आला. “थोरात, संध्याकाळी मी एचआरला मेल टाकतोय.” मी म्हटलं, “टाका सर, पण संध्याकाळीच टाका.”

अण्णांच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. चुलतभाऊ, शेजारी, तो नारळवाला मेहुणा. कमलकाकू हौदापासून लांब, ओट्यावर उभ्या होत्या. हात कमरेवर. पायात नव्या चपला.

मी आधी चढावर, गाडीची मागची चाकं जिथे येणार तिथून वीतभर खाली दोन मोठे दगड ठेवायला सांगितले. चढाच्या रेषेतून सगळ्यांना बाजूला केलं. गाडी दगडांच्या पुढे वर आणून दिली. मग अण्णांना बसवलं आणि मी शेजारी बसलो.

“लावा गाडी. रोज लावता तशी.”

“रोज लावतो तशीच लावतो. मी काय आज चालवाय शिकलो?”

त्यांनी गाडी दोन हात पुढे घेतली. थांबवली. पाय ब्रेकवर. गिअर काढून न्यूट्रल केला.

“गिअरमध्ये नाही ठेवत?”

“मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, ठेवू देत नाय. पार्किंगवाला म्हणतो न्यूट्रल ठेवा, पुढची गाडी काढायला ढकलता येती. तीच सवय.”

मी मान हलवली. मग अण्णांनी बोट पुढे केलं आणि बटण खाली दाबलं. नीट, ठामपणे, डोअरबेल दाबावी तसं. चावी बंद केली आणि माझ्याकडे बघितलं.

“झालं. दाबला.”

मी त्यांच्या बोटाकडे बघत राहिलो. इतके दिवस, इतकी माणसं, मोईनभाईंचे शिव्याशाप, हेल्पलाइन, वायरिंग. सगळं त्या बोटाखाली होतं.

“अण्णा, आता पाय काढा.”

त्यांनी पाय काढला. गाडी मागे सरकली आणि धप्‌कन दगडांवर टेकली. मग काकूंचा आवाज आला.

“आता तर आत बसून सोडली ह्यांनी!”

“सोडली नाय, दाबला मी ब्रेक!” अण्णा खिडकीतून ओरडले.

“अण्णा,” मी शक्य तितक्या हळू म्हणालो, “दाबल्यावर तो सुटतो.”

“काय?”

“बटण वर उचललं की ब्रेक लागतो. खाली दाबलं की सुटतो.”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मका उलटा पेरायला सांगितला.

“दाबल्यावर सुटतो? गळा दाबल्यावर माणूस सुटतो व्हय?”

“नाही, पण—”

“पायातला ब्रेक दाबला की लागतो का नाय?”

“लागतो.”

“मग पायानं दाबला की लागतो आन् हातानं दाबला की सुटतो? एकाच गाडीत? कोण्या शहाण्यानं ठरवलं हे?”

मी म्हटलं, “अण्णा, जुन्या गाडीत दांडा वर ओढायचात ना? तसंच बटण वर ओढायचं. दांड्याचं बटण झालंय, दिशा तीच आहे.”

“मग दांडाच ठेवायचा होता.”

मी त्यांना पुढचंही सांगितलं, कारण ते सांगणं भाग होतं. या गाडीत चावी बंद केली की पार्किंग ब्रेक आपोआप लागतो. माणूस विसरला तरी. पण बंद करण्याच्या आधी बटण खाली दाबलं तर गाडी समजते की मालकाला ब्रेक नकोय, गाडी ढकलायची असेल, ओढून न्यायची असेल. मग ती लावत नाही.

“म्हंजे?” मेहुण्याने विचारलं.

“म्हणजे अण्णांनी काहीच केलं नसतं तरी ब्रेक लागला असता.”

आता लोक हसायला लागले. अण्णा गाडीतून उतरले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण माघार अजून नव्हती.

“तिथं लाल दिवा लागतो ना समोर? तो लागला की मला वाटायचं कायतरी बिघडलं. बटण दाबलं की जायचा. मला वाटलं, झालं काम.”

“लाल दिवा म्हणजेच ब्रेक लागलेला आहे, अण्णा.”

“लाल दिवा म्हंजे चांगलं? हे पण उलटंच!”

काकू ओट्यावरून खाली आल्या. सरळ अण्णांसमोर उभ्या राहिल्या.

“म्हंजे त्या दिवशी गाडी माझ्या अंगावर तुम्हीच सोडली?”

“अगं, मुद्दाम थोडी...”

“आन् त्या लेकराला कामावरून काढा म्हणून सगळ्या गावाला सांगत फिरता? ती तुम्हाला बटण सांगत होती तेव्हा मी शेजारीच होते. तुम्ही तिच्या तोंडात पेढा घातला. मला तर विचारलं बी नाय, पेढा खाती का म्हणून.” त्यांनी हात पुढे केला. “लावा फोन त्या साहेबाला.”

“आता? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर गाढवं आणणार व्हते ना? मग फोन बी सगळ्यांसमोर.”

अण्णांनी फोन लावला. स्पीकर काकूंनीच चालू केला.

“बोरा साहेब, सांडू फरकाडे बोलतो. ते... तुमचं बटण उलटं आहे.” काकूंनी घसा खाकरला. “पण पोरीनं बरोबर सांगितलं होतं. मीच आयकलं नाय. तिला काढू नका. काढलं तर गाढवं तरीबी आणीन मी.”

मग सर म्हणाले, “थोरातला द्या.”

मी फोन घेतला. “मेल टाकू नका, सर.”

“नाही टाकत,” ते म्हणाले. “पण डिकीचं बिल कोण भरणार?” त्यांचं चुकलं नाही. तेच त्यांचं काम.

मग मी बटण उचललं. मागून घूं असा मोटारीचा आवाज आला, लाल दिवा लागला. दगड काढले. गाडी जागची हलली नाही. मी अण्णांना पूर्ण पद्धत पुन्हा करायला लावली, आणि ती इथेही सांगतो. पाय ब्रेकवर ठेवायचा. पार्किंग ब्रेक लावायचा. मग पाय सोडून गाडीचा भार त्या ब्रेकवर घ्यायचा. हलली नाही, तर इंजिन बंद करून गिअर टाकायचा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. हे सपाट जागेवरही करायचं, कारण जागा सपाट आहे हे आपल्याला वाटत असतं, गाडीला नाही. चढावरच्या सिग्नलला थांबलात तरी पार्किंग ब्रेक लावायचा. गाडी धावत असताना त्याला हात लावायचा नाही. दांड्याच्या गाडीत तो लावलेला राहिला आणि तशीच चालवली तर मागची चाकं तापून जळका वास येतो. असा वास घेऊन आमच्याकडे बरेच जण येतात आणि इंजिनमध्ये बिघाड आहे म्हणतात.

अश्विनीची नोकरी राहिली. मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण बोरा सर स्वस्थ बसणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी सोमवारी प्रत्येक नव्या गाडीत त्या बटणाशेजारी लावायला स्टिकर छापून आणले. ठळक लाल अक्षरांत: ‘पार्किंग ब्रेक. दाबू नये.’

मी म्हटलं, “सर, मग सोडायचा कसा?”

“थोरात, तुम्ही प्रत्येक गोष्टीत खोट काढता.”

त्याच आठवड्यात वैजापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. गाडी दारात उभी, लाल दिवा जात नाही, गाडी निघत नाही, लग्नाला जायचंय. मी विचारलं, “बटण दाबलं का?” ते चिडून म्हणाले, “दाबू नये म्हणून तुम्हीच लिहिलंय ना!”

स्टिकर काढले. नवे अश्विनीने लिहिले: ‘उचला – ब्रेक लागला. दाबा – ब्रेक सुटला.’ आणि तिने एक नियम घालून घेतला. नारळ, लिंबं, पेढे सगळं नंतर. आधी कस्टमरने आमच्या रॅम्पवर गाडी स्वतः लावून दाखवायची. आधी काही लोक चिडायचे. अजूनही चिडतात. ती ऐकत नाही. मीही वर्कशॉपमध्ये आता कोणाला ‘ब्रेक दाबला का’ असं विचारत नाही. ‘काय केलं ते करून दाखवा’ म्हणतो. रिपोर्ट उशिरा होतो, पण एकदाच होतो.

अण्णा पहिल्या सर्व्हिसिंगला आले. गाडी वर्कशॉपच्या अंगणात लावली. काचेतून मी बघत होतो. पाय ब्रेकवर, बटण वर, लाल दिवा, पाय सोडून बघितलं, गिअर. अगदी बिनचूक. मग उतरून डिकी उघडली आणि आतून एक दगड काढला. नीट तासलेला, गाडीच्याच रंगाचा रंग दिलेला. तो मागच्या चाकाला लावला.

“अण्णा, आता दगड कशाला?”

“कमलनं दिलाय. दगडाशिवाय गाडी बाहेर काढायची नाय म्हणाली.” मग दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, “आन् साहेब, दगड उचलला की गाडी सुटती. तुमचं बटण उचललं की अडकती. आता सांगा, उलटं कोण?”

मी चावी घेतली आणि जॉब कार्ड भरायला लागलो.